मुंगीच्या मापाची डांगरी

मित्रांनो, मला दोन हात आहेत, दोन पाय आहेत, पण मी माणूस नाही. मी एक जुनी डांगरी आहे. सदरा आणि विजार सलग एकाच कापडात शिवली आणि गळ्यापासून खाली बटणं लावली, की झाली डांगरी. कारखान्यात, गोदीत, बांधकामावर कामकरी माणसं आम्हांला घालतात. माझा रंग निळा होता. 'होता' असंच म्हटलेलं बरं, कारण आता मला पाहणारा रंग सांगताना जरा अडखळतो.

एका मोठ्या शिवणघरात माझा जन्म झाला. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरले होते आणि विजेची सुरी त्यांतून सरसर फिरत गेली. एका फटक्यात माझ्या कितीतरी बहिणी कापल्या गेल्या. आम्ही सगळ्या एका धिप्पाड पुरुषाच्या मापाच्या होतो. तो पुरुष कोण, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बाह्या जोडणाऱ्या बाईने मला झटकून समोर धरलं आणि ती शेजारणीला म्हणाली, "हिच्यात आपण दोघी मावू, वर भाजीची पिशवी पण!"

तिथून मी एका बांधकामाच्या भांडारात आले. बरेच दिवस फळीवर पडून होते. मग एके दिवशी खिडकीपाशी एक मुलगी आली. अंगाने लहानखुरी, पण पाठ ताठ. बांधकामावरचे लोक तिला मुंगी म्हणत. मुंगी क्रेन चालवायला शिकत होती. खाली उभं राहून बघितलं तर मान दुखेल एवढी ती क्रेन उंच होती आणि तिचं केबिन अगदी टोकाला होतं.

"लहान माप नाही का, काका?" तिने विचारलं.

"एकच माप येतं," भांडारवाले काका म्हणाले. "बाह्या दुमड, पाय दुमड. सगळे तसंच करतात."

मुंगीने मला घातलं. मी तिच्या अंगावर बसले नाही, तिला गिळून बसले. दोन पाय जिथे जुळतात त्या भागाला शिंपी आसन म्हणतात. माझं आसन तिच्या गुडघ्यांच्या जरासंच वर लोंबत होतं. बांधकामावर हशा पिकला. एक जण म्हणाला, "अरे, डांगरी चालत आली, आत कुणी आहे का बघा!" मुंगीही हसली. पण माझ्या आत तिचं अंग आखडलेलं मला कळत होतं.

त्या शनिवारी ती मला घालून पहिल्यांदा वर निघाली. क्रेनच्या लोखंडी सांगाड्याच्या आतून उभी शिडी जाते. पुढे तिला शिकवणारा क्रेनचा उस्ताद होता आणि त्याच्यामागे मुंगी. सुरुवातीला ठीक चाललं. मग वारा सुरू झाला. पुढच्या पायरीवर पाय टाकायला मुंगीने गुडघा उचलला, तर माझ्या लोंबत्या आसनाने तो मध्येच अडवला. तिने पुन्हा जोर केला. दुमडलेला पाय सुटून तिच्या बुटाखाली आला. तोल सावरायला तिने हात वर टाकला आणि माझी उलगडलेली बाही एका बोल्टात अडकली.

मित्रांनो, मी सोडायला तयार होते, पण बोल्ट सोडत नव्हता. एका हाताने ती लटकली होती, दुसरा हात मी धरून ठेवला होता आणि पाय माझ्यावरच घसरत होता. कमरेचा पट्टा शिडीला अडकवलेला होता, पण त्या क्षणी तो आठवतो कुणाला! खाली माणसं एवढीएवढीशी दिसत होती.

"उस्ताद!" तिचा आवाज चिरकला.

"हलू नकोस," वरून उस्ताद म्हणाला. "आधी पाय जागेवर घे. बाहीला झटका दे. फाटू दे, फाटली तर!"

तिने डोळे मिटून झटका दिला. मी मनगटापासून कोपरापर्यंत फाटले आणि ती सुटली.

खाली उतरल्यावर उस्तादाने तिला पाणी दिलं. मग म्हणाला, "परवा तुझी परीक्षा. साहेब खाली उभे राहून बघणार. या तंबूत आलीस तर मी तुला शिडीला हात लावू देणार नाही."

"दुसरं मापच नाही म्हणतात."

"मला ते नको सांगूस. तुला पडलेली बघायची माझी हिंमत नाही, एवढंच सांगतो."

मुंगी तिच्या आत्याकडे राहायची. आत्या घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. खिडकीपाशी तिचं पायाचं मशीन होतं. आत्याचे यजमान इमारतींना रंग द्यायचे. एकदा ते परांचीवरून पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हापासून आत्या साध्या स्टुलावरही चढत नसे. वरच्या फळीवरचा डबा हवा असला तर शेजाऱ्यांना हाक मारायची.

मुंगीने फाटकी बाही लपवली होती. आत्याच्या नजरेतून ती सुटणार थोडीच!

"हे कशात अडकलं?" आत्याने विचारलं.

"खिळ्यात."

"खिळा जमिनीवर होता की आभाळात?"

मुंगीने मला पुढे केलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, ही माझ्या मापाची करून देशील?"

"नाही." आत्याने मला टेबलावर टाकलं. "तुला त्या शिडीवर चढवायला मी एक टाकासुद्धा घालणार नाही. चांगलं खाली काम मिळत होतं, तर बाईसाहेबांना ढगात बसायचंय!"

"मग मी करते. मशीन देशील?"

"मशीन घराचं आहे. हात तुझे आहेत." एवढं बोलून आत्या आत निघून गेली.

रविवारी सकाळी मुंगीने मला उलटं करून घातलं आणि ती आरशासमोर उभी राहिली. ताठ. पोट आत घेऊन. तिने कमरेवर माझी घडी घातली, बाजूंनी चिमटीत धरून टाचण्या लावल्या, खडूने रेघा मारल्या. अंगावर मापात बसणारा कपडा तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. थोरल्या बहिणींचे उतरलेले कपडे घालतच ती मोठी झाली होती. त्यामुळे तिला आता थांबवेना. अजून थोडं आत, अजून थोडं. तिने पाय आखूड केले, फाटकी बाही सांधली, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत आखूड केल्या, कमरेची घडी शिवली, बाजू शिवल्या आणि आतलं जास्तीचं कापड कात्रीने कापून टाकलं. कात्रीचं पातं थंडगार होतं. उसवलेलं पुन्हा शिवता येतं, मित्रांनो, पण कापलेलं परत येत नाही. मला ओरडून तिला थांबवायचं होतं. कापडाला तोंड नसतं.

दुपारी तिने मला सुलट करून घातलं. आरशात पाहून तिचे डोळे चमकले. मी खरोखरच सुरेख दिसत होते! मग खाली पडलेली कात्री उचलायला ती वाकली.

टर्रर्र!

माझं आसन उभं फाटलं. ती दचकून सरळ झाली, हात वर केले, तर बगलेतही टाके तटातट तुटले. मुंगी मटकन खाली बसली. अवतीभोवती कापडाचे तुकडे पडले होते. दुसरी डांगरी मिळणार नव्हती आणि परीक्षा उद्यावर आली होती. ती रडली नाही. तुकडे एकेक करून गोळा करत राहिली. ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

तो आवाज ऐकून आत्या दारात आली होती. तिने मला मुंगीच्या अंगावरून उतरवलं, उलटं केलं, शिवणी बोटांनी चाचपल्या. शिवणीच्या आत कापडाचा जो जास्तीचा काठ राखतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात.

"माया कुठे गेली हिची?" आत्याने विचारलं.

"कापली."

"सगळी?"

मुंगीने मान डोलावली.

"शिकवलं होतं ना मी तुला! माया ठेवली नाही, तर पहिल्या ताणाला शिवण जाते." आत्या बोलता बोलता थांबली. तिचा हात माझ्या फाटलेल्या आसनावर होता. "ही अशी तिथे वर फाटली असती तर?"

मुंगीने हातातले तुकडे टेबलावर ठेवले.

"मी नाही म्हटलं तरी तू उद्या जाणारच?"

"जाणार, आत्या."

आत्याने टाचण्यांची डबी उचलली. "मग नीट ऐक. शिवणार तूच. वर तू जाणार आहेस, टाकेही तुझेच हवेत. पण माप मी सांगेन. आरशासमोर पुतळा होऊन माप घेतलंस, तर कपडा पुतळ्याचाच होणार. या खुर्चीवर चढ."

"खुर्चीवर?"

"शिडी समजून चढ. एक पाय वर. हात वर, पुरता वर!"

मुंगी चढली. आत्याने एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली. तो हात तिने शेवटपर्यंत काढला नाही. दुसऱ्या हाताने ती माप घेत गेली. वाकून माप, बसून माप, गुडघा छातीशी आणून माप. "बघ, हात वर गेला की पाठ एवढी लांब होते. ही लांबी तू घडीत गाडून टाकलीस."

मग पायांचे कापलेले तुकडे कामाला आले. मुंगीने माझी कंबर उसवून पाठीच्या बाजूला त्यांचीच एक रुंद पट्टी जोडली. बगलेत आणि आसनात चौबगले बसवले. चौबगला म्हणजे शिवणीत बसवलेला चौकोनी तुकडा. त्यामुळे हात-पाय फाकले तरी कापड ताणत नाही. एक चौबगला उलटा लागला. आत्या म्हणाली, "उसव." दुसऱ्याला कोपऱ्यात चुणी पडली. "उसव." मुंगी चिडली, "एवढंसं तर आहे!" आत्या म्हणाली, "तिथेच तुझा सगळा भार येणार. उसव." उजेड सरायच्या आत शेवटची शिवण दुहेरी मारून झाली. आता माझ्यावर जागोजागी जोड दिसत होते. पण मुंगी वाकली, बसली, खुर्चीवर चढली, तरी मला कुठेच ओढ बसत नव्हती.

सोमवारी वारा होताच. आत्या कधी नव्हे ती बांधकामाच्या फाटकापर्यंत आली आणि क्रेनकडे पाठ करून उभी राहिली. "मला वर बघवत नाही," ती म्हणाली. "उतरलीस की हाक मार."

उस्तादाने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "गुडघा उचल," तो म्हणाला. मुंगीने उचलला. तो शिडीकडे वळला.

त्या दिवशी मी श्वास रोखून चढले. तो बोल्ट आला आणि मागे गेला, माझी बाही मनगटाशी चिकटून होती. केबिनमध्ये बसून मुंगीने क्रेनने खालचा काँक्रीटचा ठोकळा उचलला. वाऱ्याने तो हेलकावा खाऊ लागला. तिच्या पाठीचा घाम माझ्यात उतरत होता. तिने घाई केली नाही. हेलकावा थांबू दिला आणि ठोकळा आखलेल्या चौकटीत अलगद टेकवला. खालून साहेबांनी हात हलवला.

संकट आलं ते उतरताना. मुंगी पुढे होती, उस्ताद तिच्या वर. मध्येच त्याच्या पायात गोळा आला. पट्ट्याचा हूक खालच्या पायरीला लावण्यासाठी त्याने नुकताच सोडला होता. तो नुसत्या हातांवर लोंबकळला. एक पाय कळेने आखडला होता, दुसरा हवेत पायरी शोधत होता.

"मुंगे, बाजूला हो!" तो ओरडला. "माझ्याखाली थांबू नकोस!"

मुंगी बाजूला झाली नाही. आपला हूक पक्का करून ती वर सरकली, एक गुडघा पार छातीपर्यंत नेला आणि एक हात जाईल तेवढा वर टाकला. मित्रांनो, माझा प्रत्येक टाका ताणला गेला. बगलेतला चौबगला पंखासारखा उघडला. तिने उस्तादाची टाच पकडली आणि ती पायरीवर आणून दाबली. "टेकलाय पाय. भार टाका, उस्ताद. मी धरलंय." त्याने भार टाकला. हूक लावला. मग दोघंही एकेक पायरी उतरू लागले.

खाली आल्यावर उस्ताद जमिनीवर बसला आणि पाय चोळत म्हणाला, "साहेब, ही पास आहे. नसेल तर मला नापास करा."

मुंगीने फाटकापाशी जाऊन हाक मारली, "आत्या!" आत्या वळली. तिने आधी मुंगीचा चेहरा पाहिला, मग तिचे हात वर करून दोन्ही बगला तपासल्या. "एकही टाका नाही सुटला," ती म्हणाली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडली.

पुढे कितीतरी वर्षं मी मुंगीबरोबर वर गेले. गुडघे झिजले, तिने ठिगळं लावली. बटणं तुटली, तिने नवी लावली. मग कंपनीने नवे गणवेश दिले आणि मी पलंगाखालच्या गाठोड्यात गेले. अंधार, धूळ, वर जुनी पांघरुणं. उंदरांनी एक खिसा कुरतडला. मला वाटलं, संपलं आता.

परवा गाठोडं सुटलं. मुंगीचे केस आता पिकू लागले आहेत. तिच्या हाताखाली शिकायला नव्या मुली आल्या आहेत. एक उंच, एक जाडजूड, एक डाव्या खांद्याने वाकलेली. तिघींच्या अंगावर त्याच धिप्पाड पुरुषाच्या डांगऱ्या! मुंगीने मला टेबलावर पसरलं आणि माझी पहिली शिवण उसवली.

"अहो ताई, एवढी जपलेली कशाला फाडता?" वाकलेल्या खांद्याची मुलगी कळवळून म्हणाली. "आणि मला नाहीच बसणार कुठली. माझा खांदाच वाकडा."

"खांदा तुझा आहे," मुंगी म्हणाली. "वाकडी आहे ती डांगरी. तिला सरळ करू. चढ खुर्चीवर."

मित्रांनो, तुमच्याही घरी न बसणारे कपडे असतील. त्यांच्यापायी स्वतःच्या अंगाला नावं ठेवू नका. सुई-दोरा हाती घ्या, उसवायला लाजू नका, आणि कापण्याआधी माया ठेवा. मी आता कुणाच्या अंगावर जाणार नाही. नव्या डांगऱ्या बेतायला नमुना म्हणून टेबलावर सुटी होऊन पडले आहे, हात वेगळे, पाय वेगळे. माझ्या कडेकडेने, खाली अंथरलेल्या तिच्या डांगरीवर, त्या मुलीचा खडू फिरतो आहे. खांद्यापाशी येऊन तो थांबला, आणि मग तिच्या स्वतःच्या रेघेने पुढे निघाला.