अंगाशी येणारं बोलणं

“ते किती भले होते ते राहू द्या,” वकील म्हणाले. “ते आता मला पाठ झालंय. त्यांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं, ते बोला.”

इस्त्रीवालीने शेजारी बसलेल्या ताईकडे पाहिलं. ताई म्हणजे घरमालकांची धाकटी मुलगी. वडिलांची इमारत थोरल्या भावाने खोट्या मृत्युपत्रावर गिळली, म्हणून तिने दावा लावला होता. त्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून इस्त्रीवालीच्या नवऱ्याची, इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडणाऱ्या इस्त्रीवाल्याची सही होती, आणि ती कशी घेतली गेली हे कोर्टात सांगायला तो तयार झाला होता. पण थोरल्याच्या वकिलाने तारखांवर तारखा घेतल्या. कधी त्याला पडसं, कधी पक्षकार परगावी. इस्त्रीवाला प्रत्येक तारखेला कडक इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टाच्या बाकावर बसायचा आणि संध्याकाळी तो चुरगळून परत यायचा. शेवटी त्याचं छातीचं दुखणं काही पुढची तारीख द्यायला तयार होईना. गेला बिचारा.

“एक दिवस घरी आले ते जेवलेच नाहीत,” इस्त्रीवाली म्हणाली. “म्हणाले, मालकांना सही करताना मी पाहिलंच नाही. मालक वारल्यावर थोरल्याने कागद पुढे केला. म्हणाला, सही कर, जिन्याखालची जागा कायमची तुझी. नाहीतर उद्या टेबल उचल.”

“बस्स! हेच सांगायचं.”

“पण ऐकीव गोष्ट कोर्ट घेत नाही म्हणतात ना?” ताईने विचारलं.

“एरवी नाही घेत. पण मेलेला माणूस स्वतःच्याच अंगाशी येईल असं काही बोलला असेल, तर घेतं. स्वतःला तुरुंगात घालायला कोण खोटं बोलेल?”

“म्हणजे हे भले होते म्हटलं तर कोर्ट ऐकणार नाही,” इस्त्रीवाली म्हणाली, “आणि लबाड होते म्हटलं तर ऐकेल?”

वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला. “तसंच धरा.”

ताईने तिचा हात धरला. “वहिनी, माझ्या वडिलांचं घर आहे हो ते. कोर्टात खरं सांगेन, असा तुमच्या यांनी मला शब्द दिला होता.”

शब्द दिला होता हे खरंच. कुणाची सोन्याची बटणं शर्टाला राहिली, तर जिने चढून ती परत देणारा माणूस. सबंध इमारत बाहेर जाताना किल्ल्या त्याच्याकडे टाकून जायची. त्याच्या नावाला काळं फासायचं, तेही बायकोने. आणि नाही फासलं, तर त्याचा शब्द गेला वाऱ्यावर. तिला नवऱ्याचा राग आला. एवढं सगळं माझ्या गळ्यात घालून बरा सुटलास, असं ती मनात म्हणाली आणि मग पुष्कळ रडली.

कोर्टात थोरल्याच्या वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती फेटाळली.

“हे म्हणाले...” तिने सुरुवात केली.

“हे म्हणजे कोण?” टायपिस्टने विचारलं.

“माझा नवरा, लिहा.”

सही, कागद, जागा, सगळं तिने सांगितलं. टायपिस्ट भराभर टाइप करत होता. “आणि मग रडले हो साहेब. म्हणाले, जागा गेली तरी चालेल, पण खरं सांगितल्याशिवाय मी—”

“हरकत आहे!” थोरल्याचा वकील उठला. “हे त्याच्या अंगाशी येणारं नाही. हे तर त्याच्याच बाजूचं आहे.”

न्यायाधीशांनी जरा विचार केला. “तेवढं वगळा.”

उलटतपासणीत त्या वकिलाने आवाज चढवला. “म्हणजे जागेसाठी तुमच्या नवऱ्याने इमान विकलं?”

तिने पदराची चुरगळलेली कड बोटांनी दाबून सरळ केली.

“हो की नाही?”

“हो.”

तो ‘हो’ मात्र लगेच टाइप झाला.

ताई जिंकली. निकालात इस्त्रीवाल्याचा उल्लेख ‘जागेच्या लोभाने खोटी सही करणारा इसम’ असा होता, आणि इमारतीत तो सर्वांनी चवीने वाचला. किल्ल्या जिन्याखाली येईनाशा झाल्या. बायका कपडे देताना तिच्यासमोर मोजून देऊ लागल्या.

ताई वरच्या मजल्यावर राहायला आली. नव्या खोल्यांचे पडदे तिने इस्त्रीला पाठवले आणि न्यायला ती स्वतः खाली उतरली.

“वहिनी, कसं बोलू कळत नाही. ही जागा खोट्या सहीच्या बदल्यात दिलेली, असं निकालातच आलंय. मी ती तुमच्याकडे तशीच ठेवली, तर दादा वरच्या कोर्टात म्हणेल की साक्ष मी विकत घेतली. वकीलच म्हणाले तसं.”

“सहीच्या आधी कितीतरी वर्षं हे इथेच उभे होते, ताई.”

“मला ठाऊक आहे हो. पण तसं कुठे लिहिलंय का?”

शेवटचा पडदा टेबलावर अर्धा राहिला होता. इस्त्रीवालीने त्यावर पाणी शिंपडलं, कड हाताने सरळ केली आणि टोकापर्यंत इस्त्री फिरवली. मग घडी घालून तो बाकीच्या पडद्यांवर ठेवला.

“वरचा गरम आहे अजून,” ती म्हणाली. “जपून धरा.”

ताई दोन्ही हातांवर पडदे घेऊन जिना चढून गेली. इस्त्रीवालीने भिंतीतली पिन काढली आणि इस्त्री गार व्हायची वाट पाहत उभी राहिली.