अंबूबाईच्या उशाचा तांब्या

मी तांब्या बोलतोय. पितळंचा हाय, लवकर तापतो. तवा गोड बोलंन अशी आशा धरू नका.

भोरच्या बाजारात मला घेतला आन् अंबूबाईच्या रुखवतात मांडला. तवापास्नं भोंगवलीत तिच्या घरी. त्या घरात एकच कायदा हुता. दारात पावना येवो नायतर भांडायला आलेला भावबंद, आदी तांब्याभर पानी. शिव्या मागनं.

म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं. पोरगा ज्ञानू आन् सून दोगंबी कंपनीत, बघायचं कुनी? मग ज्ञानूनं वरव्याकडचं एक शुश्रूषा केंद्र बघितलं. बघितलं म्हंजे फरशी बघितली, पडदं बघितलं, टीव्ही केवढा ते बघितलं. बैल घेताना त्वांड उघडून दात बघनारा ह्यो गडी, पर आय ठेवताना फरशी बघून आला.

पाटीवर नाव काय, तर 'मायेचा ओलावा'. लई ओलावा हो! म्हातारीसंगं मीबी गेलो, तिच्या उशाला. पैल्या दिशी मला भरला, त्यानंतर नळाचं दर्शन न्हाई. तिथला मालक सोमनाथ लई शाना. बायांना सांगायचा, पानी बेतानं द्या, पाजलं की उचलून न्यावं लागतं, चादरी धुवाव्या लागत्यात. म्हातारीच्या ओठाला भेगा पडल्या. ज्ञानू रविवारी आला की ती म्हनायची, बरं हाय. पोराला घोर नको. त्यो येडा फरशी बघून खूश होऊन जायचा.

मग तालुक्यावरनं तपासनी येनार म्हनून कळालं आन् सोमनाथला माया फुटली. नव्या चादरी आल्या. मला चिंच लावून घासला, पर निस्ता भाईरनं. आत कोळ्यानं जाळं केलतं, ते तसंच. वरनं त्यात खोचली प्लास्टिकची फुलं. त्यास्नी कुठं तहान लागती?

तपासनीला रश्मी मॅडम आल्या. त्यास्नी थंड बाटली, काजूची बशी. पडदं बघून झालं, मग अंबूबाईजवळ येऊन त्यांनी इचारलं, "आजी, सगळं वेळेवर मिळतं ना?"

"बसा बाई. आदी पानी घ्या."

म्हातारीनं फुलं उपसून खाटंवर टाकली आन् मला फुलपात्रावर वाकडा केला. थेंब न्हाई. पुन्हा वाकडा केला.

"पावनी आली आन् माझा तांब्या कोरडा," म्हातारी पुटपुटली. त्वांड पार उतरलं. रडली न्हाई. डोळ्यात पानी यायला आदी अंगात पायजे.

"आत्ताच संपलं मॅडम, आजी लई पानी पित्यात," सोमनाथ म्हनला.

मॅडमनी माझ्यात वाकून बघितलं. कोळी घरीच हुता. बाई सोता नळावर गेल्या, मला इसळला, भरला, म्हातारीच्या म्होरं धरला. तर ही म्हनती, "आदी तुमी." मॅडमनी दोन घोट घेतलं, तवा म्हातारीनं मला त्वांड लावलं. रिकामा होईस्तोवर सोडला न्हाई.

मॅडम सोमनाथकडं वळल्या. "पडदे राहू द्या. आता बाकीच्या खाटांवरची भांडी दाखवा."

सोमनाथला तवा घाम फुटला. केंद्रात पानी हुतं म्हना की.

मॅडमनी ज्ञानूला फोन केला. त्यो आला, आन् बोलला ते हितं सांगन्याजोगं न्हाई. आता त्यो रातपाळी करतो, सून दिवसपाळी. मी भोंगवलीत, म्हातारीच्या उशाला, काठोकाठ.

तुमची आय कुठं ठेवली आसंल तर एवढं करा. गेल्या गेल्या तिच्या उशाचा तांब्या उचला. जड लागला तर बसा गप्पा मारत. हलका लागला, तर म्हातारीलाबी उचला आन् घरला निघा.