मजुरीतली वाइन

"अब्रामच्या वेळी पोटुशी असताना दारू घेत होतात?" डॉक्टरने विचारलं.

"अजिबात नाही," सीना म्हणाली. "चर्चमध्ये कुणालाही विचारा. बाटलीसाठी मी आयुष्यात पैसा मोडला नाही."

ती खोटं बोलत नव्हती.

शेजारी तिचा चौतीस वर्षांचा मुलगा अब्राम टोपी चुरगाळत बसला होता. जुलैच्या थंडीत द्राक्षांच्या छाटणीवेळी मुकादमाने त्याला सांगितलं होतं: प्रत्येक काडीवर दोन डोळे राख, आणि तीन ओळी झाल्या की खालच्या बागेत जा. अब्रामने मान डोलावली आणि सात ओळींच्या वेली बुंध्यापर्यंत उतरवल्या. आताचा मालक म्हणाला, मुद्दाम केलंय. सोमवारी चौकशी होती. काम गेलं की मळ्यावरची खोलीही जाणार.

डॉक्टर तरुण होती, मोठ्या शहरातून आलेली. तिने अब्रामला आकडे उलटे म्हणायला लावले होते. तिसऱ्या आकड्यालाच तो अडला, आणि हसला.

"याला एका वेळी दोन गोष्टी डोक्यात धरता येत नाहीत," ती म्हणाली. "गर्भात दारू पोचली की मेंदूत असं काही कायमचं राहून जातं. चेहऱ्यावरच्या खुणा मात्र या वयात पुसट होतात. म्हणून आईचा शब्द लागतो. तुम्ही नाही म्हणालात, तर मला चौकशीसाठी दाखला देता येणार नाही."

"मग मी काय खोटं सांगू?"

नर्स मारिएटा शेजारच्याच मळ्यावर वाढलेली. ती दारातून म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे असं विचारून भागत नाही. आँटी सीना, तुमच्या मळ्यावर डॉप किती वेळा मिळायचा?"

"दिवसातून पाच वेळा. उजाडताना पहिला मग, काम सुटताना शेवटचा. मालकाच्या पिंपातली वाइन. पण ती काय दारू झाली, पोरी? ती मजुरी होती!"

"पोटात बाळ असताना?"

"तेव्हा मुकादम दिवसाला अर्धा मग जास्त ओतायचा. रक्त वाढतं म्हणायचा. मी तर..."

सीना थांबली. तिने अब्रामकडे पाहिलं. तो खिडकीतला डोंगर बघत होता.

"लिहा," ती म्हणाली. "रोज साडेपाच मग. आणि कुणी ओतली तेही लिहा."

डॉक्टरने कागद उलटसुलट करून पाहिला. "त्याला इथे रकाना नाही, आँटी."

"पिण्याला आहे आणि पाजण्याला नाही?"

डॉक्टरने लिहिलं: आईचे मद्यपान, होय. खाली सीनाचं पूर्ण नाव. सीनाने सही केली.

बाहेर आल्यावर अब्रामने विचारलं, "खोली राहील ना, आई?"

"राहील बहुतेक. तू वेली कापल्यास खऱ्या, पण त्यात तुझा दोष नाही, असं लिहिलंय यात."

"मग कुणाचा?"

तेव्हाचा मालक मरून बारा वर्षं झाली होती, मग ओतणारा तो मुकादम त्याच्याही आधी गेला होता. सीनाने कागद उलगडला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि त्याच्यापुढे धरला. अब्राम अक्षर अक्षर जुळवत वाचू लागला.