चाक निवेपर्यंत

जीप दारव्ह्यात शकीलभाईंच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात पोट उघडं टाकून उभी होती, आणि तरी त्या संध्याकाळी पुलाकडून तिची शिटी आली.

शिटी म्हणजे हॉर्न नव्हे, टर्बोची शिटी. टर्बोत एकाच दांडीवर दोन चाकं असतात. इंजिनाचा तापलेला धूर एकाला फिरवतो आणि दुसरं इंजिनात हवा कोंबतं. हे मला अतुलने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. बाकीचे नवरे बायकोला सिनेमाला नेतात. टर्बो सगळ्यांचंच थोडंफार वाजतं, पण आमचं बारीक आणि लांबलचक वाजायचं. पुलावरचा चढ लागला की अख्ख्या गावाला कळायचं, अतुल आला. मी चार कप चहाचं पाणी ठेवायचे: सासूबाई, दीर संघदीप, अतुल आणि मी. अतुल दारात गाडी उभी केली तरी लगेच चावी फिरवायचा नाही. इंजिन हळू चालू ठेवून तसाच बसून राहायचा. लाल झालेल्या चाकाला एकदम थांबवलं तर आतलं तेल जळतं, त्याला निवू द्यावं लागतं, म्हणायचा. तोवर चहाला उकळी यायची.

गेल्या पोळ्यानंतर दारव्ह्याच्या जीप स्टँडवर, सुरू गाडीत, स्टेअरिंगवर डोकं टेकून तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. गर्दी जमली, कोणीतरी आधी खट्कन चावी फिरवून गाडी बंद केली आणि मग त्याला ओढून बाहेर काढलं. मी पोचले तेव्हा तो खाली सतरंजीवर होता.

जीप माझ्या नावावर झाली आणि संघदीप ती चालवू लागला. सकाळी कॉलेजच्या पोरी, दुपारी बाजाराची माणसं. पोरगा चांगला, पण धीर म्हणून नाही. दारात येतो न येतो तो चावी फिरवून उडी मारायचा. शिटी दिवसेंदिवस मोठी होत गेली, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. चहाचं पाणी मी अजून चार कपच ठेवत होते. उरलेला चहा कोण पितं हे कोणी विचारलं नाही.

आमच्या घरात भुतं मानत नाहीत. आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देवांच्या मागोमाग भुतांनीही गाठोडं उचललं. मी अंगणवाडीत पोरांना रोज सांगते, अंधारात काही नसतं. म्हणून त्या संध्याकाळी स्वतःला म्हटलं, दुसऱ्या कोणाची तरी गाडी असेल. शिटी पूल चढली, वळणावर बारीक झाली, पुन्हा मोठी होत दारापाशी आली. रस्त्यावर एक बकरी उभी होती. ती गाडी आल्यासारखी बाजूला सरली आणि शिटी पुढे निघून गेली.

मी मागे पाहिलं तर चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. मीच ठेवलं होतं. सासूबाई उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी संघदीपला घेऊन दुकानात गेले. शकीलभाईंनी दांडीसकट चाक काढून ठेवलं होतं. एवढा गाव गाजवणारं ते चाक माझ्या तळहातात मावलं असतं. एका पात्याचं टोक उडालेलं, शेजारचं मुडपलेलं, कडा घासून चकचकीत झालेल्या. दांडी सैल पडली म्हणून चाक भोवतीच्या कवचाला घासलं, आणि ही मोठी शिटी त्याच घासण्याची होती, असं त्यांनी सांगितलं. आम्ही ज्याला अतुलची चाहूल समजत होतो, तो गाडीचा दुखण्याचा आवाज होता.

संघदीप दूरच उभा होता. चाकाला हात लावायला तयार नव्हता. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, उताराले म्या पाय ठेवाच्या आधीच शिटी चढते. पायाखाली पॅडल आपसूक दबते. जसा कोणी दुसरा पाय ठेवून राह्यला."

शकीलभाईंनी ते ऐकलं आणि हसले नाहीत. तेल गळून इंजिनात जात असणार, म्हणाले. इंजिन ते पिऊन स्वतःच पळायला लागतं, मग एखाद्या दिवशी चावीसुद्धा ऐकत नाही. पॅडलचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

मी विचारलं, हेच चाक दुरुस्त होणार नाही का?

"करून देतो ना भाभी. समोरचं पातं तेवढंच घासतो, तोल बसवतो. चालल काही दिवस. शिटीबी राहील. पण मंग त्या गाडीत पोरी बसवू नका."

काय करायचं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मला दिसत होतं आणि करवत नव्हतं. नवीन चाक म्हणजे मुकी गाडी. अतुलचे कपडे वाटून झाले होते, त्याचा फोन बंद पडला होता. रोज संध्याकाळी घरी येणारं त्याचं एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, घासून द्या. शकीलभाईंनी चाक हातातून खाली ठेवलं आणि संघदीपकडे पाहिलं.

संघदीप म्हणाला, "तुमी म्हनसान तर चालवतो मी."

रुसला असता, भांडला असता तर मी हटूनच बसले असते. पण तो खरंच चालवणार होता. हे पोरगं माझ्या शब्दावर त्या पॅडलवर पाय ठेवणार होतं, मागे पोरी बसवून. "नवीन टाका," मी म्हणाले.

शकीलभाईंच्या दुकानाची एक रीत आहे. काढलेला जुना भाग ते मालकाच्या हातात ठेवतात, म्हणजे पुढे शंका नको. मालक बघतो आणि भंगाराच्या पिंपात टाकतो. मी पिंपापर्यंत गेले, आणि चाक कागदात गुंडाळून पिशवीत घातलं.

घरी आल्यावर ते चहा-साखरेच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवलं. जीप तयार झाली त्या दिवशी संध्याकाळी संघदीप अजून वाटेत होता, आणि पुलाकडून शिटी आली. चढ, वळण, दार. या वेळी ती पुढे गेली नाही. आत आली. माझ्या डोक्याच्या वर, फळीवरून ती वाजू लागली. चाक जागचं हललं नव्हतं. त्याच्याखालचा कागद मात्र तपकिरी होत होता. मी बोट लावलं आणि पोळून मागे घेतलं.

सासूबाई उठून आल्या. त्या रडत नव्हत्या, घाबरल्याही नव्हत्या.

"त्याले निवूच देलं नाही व कोणी," त्या म्हणाल्या. "चावी फिरवली अन् ओढून काढला."

तेवढ्यात जीप आली. मुकी. दारात उभी राहिली तेव्हाच कळली. संघदीपचा हात चावीकडे गेला तशी मी धावत बाहेर गेले, गाडी चालूच ठेवून त्याला खाली उतरायला लावलं आणि अतुलच्या जागेवर बसले. सासूबाईंनी सांडशीत धरून ते चाक आणलं आणि समोर काचेपाशी ठेवलं.

इंजिन हळू चालत होतं. शिटी आता माझ्या तोंडासमोर होती. पायाखालचं पॅडल एकदा दबलं. मी पाय वर घेऊन बसले. मला भीती वाटायला हवी होती, पण राग आला होता. इतके महिने दारावरून जातोस आणि थांबत नाहीस? मग मनात आलं, थांबेल कसा, त्याला थांबवलं होतं कुठे कोणी नीट. रागाचं रडू झालं. मी तिथेच बसून राहिले, जसा तो बसायचा.

शिटी खाली उतरू लागली. बारीक झाली, धाग्याएवढी झाली. पॅडल हळूच वर आलं. मी चाकावर तळहात ठेवला. ते कोमट होतं, मग गार झालं. मी चावी फिरवली.

दुसऱ्या दिवशी पुलाकडून काहीच आलं नाही. संघदीपची जीप दारात आली, आणि तो चावीला हात न लावता बसून राहिला. फळीवरचं चाक मी चाचपून पाहिलं. गारच होतं. सासूबाई उंबऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या. मी भांडं घेतलं आणि तीन कप पाणी ठेवलं.