लग्नाच्या कॅसेटमधलं गाणं

माधव अर्धापूरकर शाळेतून मुदतीआधीच रिटायर झाला आणि इकडे उदगीरला मृत्युंजय बिरादारच्या सकाळींचं वाटोळं झालं. रोज चहाच्या आधी नांदेडहून व्हॉट्सॲपवर एक लिंक येऊन पडायची. केबल नवीन होती तेव्हाच्या रॉक गाण्यांचे व्हिडिओ. त्या काळी एकदोनदा लागले आणि कायमचे गायब झाले, असले. कुठे लांब केसांचा बाप्या भर वाळवंटात गिटार बडवतोय, कुठे चार जण धुरात उड्या मारताहेत आणि धूर कशापायी सोडलाय ते त्यांनाही ठाऊक नाही. बँडची नावं आता त्यांच्या बायकांच्याही लक्षात नसतील. जगाच्या पाठीवरच्या कुणा रिकामटेकड्यानं ते जुन्या कॅसेटवरून उतरवून नेटवर टाकलेलं असायचं. बघणारे एकशे बारा, त्यातला एक माधव.

लिंकखाली तो लिहायचा, ‘हा आठवतो का? केबलवाल्याच्या खोलीत पाहिला होता आपण.’ मृत्युंजय अंगठा पाठवायचा, आणि मग गुळाचा चहासुद्धा त्याला कडू लागायचा. माधवच्या मनात काही नसायचं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्यातली गत. मृत्युंजयला प्रत्येक लिंक ही विचारपूस वाटायची.

कारण असाच एक व्हिडिओ या दोघांचाही होता.

नांदेडच्या कॉलेजात माधव आणि आणखी तीन पोरांनी बँड काढला होता. नाव ‘दगड’. प्राध्यापक तसंही त्यांना तेच म्हणायचे, नवीन नाव शोधायचे कष्ट वाचले. मृत्युंजयला ना सूर ना ताल, पण त्याच्याकडे कॅमेरा होता. घरचं भुसाराचं दुकान सोडून त्यानं लग्नाच्या शूटिंगचा धंदा धरला होता आणि त्यापायी वडलांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. माधवनं एक मराठी गाणं केलं होतं, देगलूरच्या न येणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्या पोराचं. ते त्यांनी उदगीरच्या किल्ल्यात दोन दिवस राबून शूट केलं. गिटारची वायर कशालाच जोडलेली नव्हती, तरी माधवनं ती घेऊन भिंतीवरून अशी उडी मारली, की खाली चरणारी शेरडं पांगली. मुंबईच्या एका गाण्यांच्या वाहिनीनं नव्या बँडचे व्हिडिओ मागवले होते. लातूरहून मिक्सिंग होऊन कॅसेट आली आणि ती रजिस्टरनं पाठवायचं मृत्युंजयनं अंगावर घेतलं.

लग्नसराई होती. आज पाठवू, उद्या पाठवू करत कॅसेट चार दिवस बॅगेतच राहिली, आणि माधवचा फोन आला तेव्हा मृत्युंजयनं ठोकून दिलं, ‘टाकली की पोस्टात.’ इथवर काही बिघडलं नव्हतं. सोमवारी पाठवली असती तरी मुंबई कुठे पळून चालली नव्हती.

रविवारी देवणीला गुरम्माचं लग्न होतं. वऱ्हाड भालकीहून यायचं होतं. साडेबाराच्या अक्षता, वऱ्हाड आलं चारला. तोवर मुलीच्या काकांनी पंगती उठवल्या आणि प्रत्येक पंगत टोकापासून टोकापर्यंत शूट करायला लावली. कुणी पाव्हणा कॅसेटीत दिसला नाही तर तो पुढच्या लग्नापर्यंत रुसून बसतो, हे आपल्याकडे सांगायला नको. वाढणारे काका, बुंदीची बादली धरलेले मामा, ताटावरून मान वर करून कॅमेऱ्याकडे बघणारे दोनशे चेहरे, सगळं आलं. आणि अक्षतांची वेळ झाली तेव्हा मृत्युंजयकडच्या कोऱ्या कॅसेटी संपलेल्या. देवणीत एकच दुकान, ते बंद, कारण दुकानदार पंगतीत.

बॅगेत एकच कॅसेट उरली होती.

कॅसेटच्या कडेला एक बारकी टिकली असते. ती मोडली, की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. दगडच्या कॅसेटची टिकली मृत्युंजयनं स्वतःच मोडली होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आता त्यानं आहेराच्या टेबलावरून चिकटपट्टी आणली आणि त्या भोकावर लावली. लातूरच्या मिक्सिंगवाल्याकडे एक कॉपी असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मंडपात मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यानं बटण दाबलं.

लातूरवाल्यानं त्याच्या कॉपीवर कधीच कुणाचं बारसं घेतलं होतं. धंद्याची रीतच ती, काम झालेली कॅसेट कुणी तशीच ठेवत नसे. किल्ल्यातल्या मूळ कॅसेटी तर मृत्युंजयनंच दोन लग्नांत वापरल्या होत्या.

पुढे दोन महिने नांदेडला चार पोरं केबलवाल्याच्या टीव्हीसमोर बसून राहिली. शेवटी मृत्युंजयला ते बघवेना. त्यानं सांगितलं, की मुंबईहून इंग्रजीत पत्र आलं होतं, तुमचं काम आमच्या दर्जाचं नाही म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून फाडून टाकलं. चौघांनी विश्वास ठेवला. माधवनं तर त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याचीच समजूत काढली. पुढे गिटार विकली, बी.एड. केलं, मास्तर झाला. मृत्युंजय त्याच्या लग्नात फुकट शूटिंग करून आला आणि हिशेब फिटला असं स्वतःला सांगू लागला.

तो फिटला नव्हता. सहा वर्षांपूर्वी माधवच्या मुलीला, उर्वीला, मुंबईला गाणं शिकायला जायचं होतं. परीक्षा देऊन निवडही झाली होती. मृत्युंजय त्या दिवशी नांदेडला त्यांच्याच घरी होता. माधव मुलीला म्हणाला, की बाई गं, मीही असाच उडालो होतो. मुंबईवाल्यांनी आमची लायकी कागदावर लिहून पाठवली. विचार या काकांना. लता, माधवची बायको, पदराला हात पुसत दारात उभी होती. आणि मृत्युंजयनं ‘हो’ म्हणून मान हलवली. उर्वी आता लातूरला विम्याच्या कंपनीत आहे. गाते का, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

तर असा हा गडी आता जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं काम करतो. गेल्या महिन्यात एक तरुण बाई आली. नाव शिवानी, गाव देवणी, म्हणजे आजोळ, पण वाढली तिथंच. आईच्या लग्नाची कॅसेट होती, आई म्हणजे गुरम्मा. मृत्युंजयनं कॅसेट उलटी करून पाहिली, तर चिकटपट्टी पिवळी पडून अजून तिथंच होती.

शिवानी समोर बसली आणि त्यानं कॅसेट लावली. अक्षता, स्वामींचा आशीर्वाद, मुलीची रडारड, गाडी निघाली. मग पडद्यावर मुंग्या आल्या. त्यानं थांबवायला हात पुढे केला.

“थांबा काका, आजून हाय,” शिवानी म्हणाली. “शेवटचं ते कापू नका.”

मुंग्या विरल्या. उदगीरचा किल्ला दिसला. वीस वर्षांचा माधव भिंतीवरून उडी मारत होता, शेरडं पांगत होती आणि त्याचा आवाज देगलूरच्या गाडीला हाका मारत वर चढत होता. अठ्ठेचाळीस सेकंद. लातूरवाल्यानं गाणं कॅसेटभर ओळीनं पुन्हापुन्हा भरलं होतं; शेवटच्या खेपेच्या शेपटापर्यंत लग्न पुरलं नव्हतं, म्हणून तेवढं वाचलं होतं.

शिवानी हसून सांगत होती, की हा आमचा उडीमामा. लग्नाची कॅसेट लावली की आळीतली लेकरं त्याच्यासाठी शेवटपर्यंत बसायची. गाणं सगळ्यांना पाठ. आई म्हणायची, लग्नात काय बघता, उडीमामा बघा. कोण होता तो, हे शूटिंगवाल्याला विचारायचं कायम राहून गेलं. मृत्युंजयनं चष्मा काढून शर्टाला पुसला, तरी समोरचं धूसरच. एवढी वर्षं देवणीची एक आळी हे गाणं ऐकत होती, आणि ज्याचं गाणं त्यालाच त्यानं सांगितलं होतं की तुझा दर्जा नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यानं तीस वर्षं घोकलं होतं. त्या दिवशी मात्र त्याला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जळकोटमार्गे जाणारी गाडी धरली. दुपारी तो माधवच्या घरी पोचला, चहा नको म्हणाला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

माधवनं तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याची बोटं गुडघ्यावर चालू झाली होती. लता मागं येऊन उभी राहिली. तिनं हे गाणं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

“सूर धरलाय की रे मी,” माधव म्हणाला. “मला वाटायचं, बेसूर असणार. कुठे मिळालं?”

मृत्युंजयनं सांगितलं. कॅसेट पाठवलीच नव्हती. पत्र कधी आलंच नव्हतं. त्याच कॅसेटवर देवणीचं लग्न घेतलं.

माधवनं मोबाइल खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “चुकून घेतलं असशील.”

ही सुटायची वाट होती, आणि ती माधवनंच दाखवली होती. मृत्युंजयला ती दिसली आणि लाजेनं त्याचे कान गरम झाले.

“न्हाई,” तो म्हणाला. “टिकली मोडलेली होती. मी भोक बुजवून घेतलं.”

लता आत निघून गेली. माधव ना चिडला, ना ओरडला. त्यानं ओरडावं म्हणून मृत्युंजय वाट बघत होता, ते काही झालं नाही.

“माझं काही वाईट झालं नाही,” माधव शेवटी म्हणाला. “बरा मास्तर झालो मी. पण पोरीला मी काय सांगितलं, तू होतास ना इथे?” त्यानं नंबर लावला आणि मोबाइल मृत्युंजयच्या हातात दिला. “मला सांगितलंस, झालं. आता तिला सांग.”

रिंग गेली. मागं ऑफिसचा गलका, मग उर्वीचा आवाज. “हां बाबा?”

“मी मृत्युंजयकाका हाव, बेटा,” तो म्हणाला, आणि थांबलो तर जमणार नाही हे माहीत असल्यानं एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. तुझ्या बाबाला कुणी नाकारलं नव्हतं. तुझं गाणं माझ्या खोट्यापायी सुटलं.

तिकडचा गलका कमी झाला. ती बहुतेक बाहेर आली असावी.

“काका,” उर्वी म्हणाली, “बाबांचं मला तेव्हा खरं वाटलंच नव्हतं. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मान हलवलीत.”