साफ प्रत

"ही फाईल इथलीच आहे ना?" विहंगने लॅपटॉप फिरवून हेमराजसमोर धरला.

हेमराजने चष्मा वर सरकवला. जगभरचे तंत्रज्ञ एकमेकांना अडचणी विचारतात तसलं इंटरनेटवरचं एक पान उघडलेलं होतं. त्यावर कुणीतरी लांबलचक मजकूर चिकटवला होता. चौथ्या ओळीलाच हेमराजने तो ओळखला. धरमपेठेतल्या या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं सगळं इंटरनेट ज्या राउटरमधून जात होतं, त्याचं ते पूर्ण कॉन्फिगरेशन होतं. कोणती लाइन कुठे जाते, जरीपटक्याच्या शाखेशी जोडणी कशी होते, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, सगळं. पासवर्डसकट.

"आपल्याच राउटरची आहे," तो म्हणाला. "पण मी टाकलेली नाही."

"बॅकअप कोण घेतं?"

"मी."

"आणखी कोणी?"

"कोणीच नाही."

विहंग पुण्याहून आला होता. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरची सुरक्षा तपासायला त्याला चार दिवसांसाठी बोलावलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला हे सापडलं होतं. त्याच्या शेजारी बसलेले प्रशासक मुकुंद सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"पराते, बावीस वर्षं झाली तुम्हाला इथे," ते म्हणाले. "माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण सर्व्हर रूमची किल्ली सध्या माझ्याकडे राहू द्या. आणि उद्या लेखी खुलासा आणा."

हेमराजने जुडग्यातून किल्ली सोडवली. कडी घट्ट होती, वेळ लागला. तेवढा वेळ दोघंही त्याच्या हातांकडे बघत राहिले.

हेमराज मूळचा उमरेडचा. वडिलांचा हातमाग बंद पडला तेव्हा तो आयटीआयला होता. हॉस्पिटलमध्ये तो कॉम्प्युटरवर केसपेपर टाइप करायला लागला होता. पुढे राउटर आला आणि त्याला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. कंपनीच्या इंजिनियरांना फोन करून, वहीत लिहून घेऊन तो शिकला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो बॅकअप घ्यायचा आणि त्याच्या दोन प्रती करायचा. पूर्ण प्रत, पासवर्डसकट, पेनड्राइव्हमध्ये, आणि तो पेनड्राइव्ह लोखंडी आलमारीत. दुसरी प्रत कागदावर. तिच्यातला प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक गुप्त शब्द काढून तिथे तो एक्स भरायचा. हिला तो साफ प्रत म्हणायचा. कंपनीकडून मदत हवी असली की तो हीच पाठवायचा. "अख्खी फाईल पाठवा, लवकर होईल," असं एकदा एक इंजिनियर फोनवर म्हणाला, तेव्हा हेमराजने त्याला अर्धा तास थांबवून ठेवलं होतं आणि साफ केलेलीच पाठवली होती.

त्या पानावरची फाईल साफ केलेली नव्हती. ती टाकल्याची तारीख होती बारा मार्च.

गोळीबार चौकातल्या घरी बायको, पुष्पलता, कोथिंबिरीची जुडी निवडत बसली होती. त्याने चपला काढता काढताच सगळं सांगितलं. तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाराले तर आपण रामटेकले होतो, साक्षगंधाच्या कार्यक्रमाले. आलमारीची चाबी कोणापाशी होती?"

"अंकुशपाशी."

"मंग?"

"मंग काय?"

"काही नाही. विचारलं."

अंकुश हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. दोघं एकाच महिन्यात कामाला लागले होते. हेमराजच्या आईला ऐन उन्हाळ्यात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा अंकुश कुठूनसा कूलर उचलून घेऊन आला होता आणि दहा दिवस रोज त्यात पाणी भरत होता. त्याच्याबद्दल वाईट विचार करायचं हेमराजला कधी कारणच पडलं नव्हतं. आता तो आठवू लागला. अंकुशची मुलगी प्रणाली नेटवर्किंगचा कोर्स करत होती. जानेवारीत अंकुशने विचारलं होतं, एवढ्या मोठ्या फायलीत लिहिलं काय राहते गा? तेव्हा ते नुसतं कुतूहल होतं. आणि गेल्या आठवड्यात आपण खोलीत शिरताच त्याने फोन खिशात घातला होता. घातला होता ना? जेवण होईपर्यंत हेमराजची खात्री पटली, की घातला होता.

सकाळी अंकुश जनरेटरच्या खोलीत सापडला. पॅनेलचं झाकण उघडून तो वायरी तपासत होता.

"बाराले चाबी तुह्यापाशी होती ना?" हेमराजने विचारलं.

"होती. तूच तं देल्ली."

"आलमारी उघडली होती का?"

"मुकुंद सरले बॅटरीचं वॉरंटी कार्ड पाहिजे होतं. उघडली, काढलं, लावली. काहून?"

"पेनड्राइव्हले हात लावला का?"

अंकुशने टेस्टर खाली ठेवला. "हेमराज, तू मले विचारून राहिला का सांगून राहिला?"

"विचारून राहिलो."

"नाही लावला."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हेमराज म्हणाला, "प्रणालीनं कधी मागतला का, शिकायसाठी?"

 अंकुशने टेस्टर उचलला आणि पॅनेलकडे तोंड केलं. "मले काम आहे," म्हणाला.

गुन्हेगार माणूस असाच तोंड फिरवतो, असं हेमराजला वाटलं. वर जाऊन त्याने खुलासा लिहिला. बॅकअप कसा घेतो, कुठे ठेवतो हे लिहून झाल्यावर शेवटी एक वाक्य घातलं. 'दिनांक १२ रोजी मी रजेवर असताना आलमारीची किल्ली विद्युत तंत्रज्ञ श्री. अंकुश यांच्याकडे होती.' त्याने ते तीनदा वाचलं. त्यात काही खोटं नव्हतं. सही करून तो कागद त्याने आवक खिडकीवर दिला.

दुपारी अंकुशला मुकुंद सरांच्या केबिनमध्ये बोलावलं. तो तासाभराने बाहेर आला. मुलगी काय शिकते, कुठे शिकते, हे त्याला विचारलं होतं आणि तिचा फोन नंबर लिहून घेतला होता. संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीवाल्याने त्याची पिशवी उघडायला लावली. दोन नर्स आणि एक पेशंट बाजूला उभे होते. अंकुशने डबा, रुमाल, पकड, टेप एकेक करून टेबलावर मांडलं आणि पुन्हा भरलं. हेमराज जिन्यात होता. तो खाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी विहंगने हेमराजला बोलावलं. पेनड्राइव्हमधली फाईल आणि इंटरनेटवरची फाईल त्याला ताडून बघायची होती.

"मले पूर्ण वाचू द्या," हेमराज म्हणाला. आतापर्यंत त्याने ती फक्त वरवर पाहिली होती. भीतीने पुढे वाचायचं सुचलंच नव्हतं.

तो ओळ न ओळ खाली उतरत गेला आणि एका जागी थांबला. तळमजल्यावरच्या नव्या स्कॅन मशीनची लाइन तिथे होती. ती त्याने स्वतः दहा तारखेला जोडली होती. पेनड्राइव्हमधला बॅकअप एक तारखेचा होता, त्यात ती नव्हती.

"म्हणजे ही फाईल पेनड्राइव्हमधून गेलीच नाही," विहंग सावकाश म्हणाला. "थेट राउटरमधून काढली."

मग दोघांनीही एकदमच फाईलच्या पहिल्या ओळींकडे पाहिलं. शेवटचा बदल कधी झाला आणि कोणाच्या नावाने झाला, ते राउटर स्वतःच फाईलच्या डोक्यावर लिहितो. बारा तारीख, दुपारी एक पन्नास. नाव हेमराजचं नव्हतं. मुख्य खात्याचं होतं. त्या खात्याचा पासवर्ड हेमराजने सीलबंद पाकिटात घालून मुकुंद सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिला होता, कधी आपलं बरंवाईट झालं तर असावा म्हणून.

विहंगने पाकीट मागितलं. मुकुंद सरांनी ते काढून दिलं. ते फाडलेलं होतं.

"त्या दुपारी जरीपटक्याची लाइन बंद पडली," ते म्हणाले. "चाळीस पेशंट ताटकळले होते. परातेंचा फोन लागत नव्हता. माझ्या ओळखीच्या एका माणसाला बसवलं, त्याने तासाभरात चालू करून दिलं. मदत मागायला त्याने कुठे काय चिकटवलं, मला काय माहीत?"

"हे परवा का नाही सांगितलंत?" विहंगने विचारलं.

"मला वाटलं, त्याचा काही संबंध नसेल."

त्या संध्याकाळी सगळे पासवर्ड बदलले. ते पानही काढून टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर 'तांत्रिक बाब निकाली' एवढी एक ओळ लागली. सर्व्हर रूमची किल्ली शिपाई हेमराजच्या टेबलावर ठेवून गेला.

हेमराज केबिनच्या दारात उभा राहिला. "सर, माझा खुलासा परत मिळेल का?"

"तो आवक रजिस्टरला चढला आहे. असू द्या, काही बिघडत नाही," मुकुंद सर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

अंकुश गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी होता. हेमराजने काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, पण वर पोचल्यावर एवढंच निघालं, "माह्या हातून चूक झाली गा."

"तू तोंडानं विचारलं, त्याचं मले काही नाही," अंकुश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पण तू लिहून देल्लं. पोरीचा नंबर त्यायच्या कागदावर आहे. तो काढता येते का तुले?"

 टाकी भरून पाणी सांडायला लागलं, तेव्हा अंकुशने जाऊन व्हॉल्व बंद केला आणि तो दुसऱ्या बाजूच्या जिन्याने खाली उतरला.

जाण्याआधी विहंगने नवा नियम घालून दिला. साफ प्रत यापुढे दुसऱ्या माणसाने तपासायची आणि तिच्यावर त्याची सही घ्यायची. हेमराजखेरीज शनिवारी हजर असणारा तांत्रिक माणूस एकच होता. मुकुंद सरांनी अंकुशचं नाव टाकलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता अंकुश सर्व्हर रूममध्ये आला. हेमराजने खुर्ची पुसून ठेवली होती. अंकुश बसला नाही. हेमराजने अकरा पानांचा गठ्ठा पुढे केला आणि शेवटचं पान उघडलं. "इथं सही कर. साफ केलं आहे मी सगळं."

"वाचतो," अंकुश म्हणाला.

त्याने पहिलं पान उलगडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं तो ओठ हलवत, जोडून जोडून वाचत होता. त्यातलं बहुतेक त्याला कळत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पान संपलं की तो ते उलटं ठेवायचा आणि दुसरं घ्यायचा. एसीचा आवाज तेवढा चालू होता. हेमराजला आधी उभं राहावंसं वाटलं, मग बसावंसं वाटलं. शेवटी तो भिंतीला टेकून राहिला.

सातव्या पानावर बोट थांबलं. "इथं एक्स नाही."

हेमराजने वाकून पाहिलं. "तो पासवर्ड नाही. लाइनचं नाव आहे."

"हे मले कसं समजन?"

हेमराजने स्क्रीनवर मूळ फाईल उघडली, ती ओळ शोधली, जवळच्या पासवर्डची ओळही शोधली आणि दोन्ही बोटाने दाखवल्या. अंकुशने कागद आणि स्क्रीन दोनदा ताडून पाहिलं. मग मान हलवून तो पुढच्या ओळीवर गेला.

बाराला दहा कमी असताना त्याने शेवटचं पान पालथं घातलं, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि वाकून सही केली.

"झालं. पाहून घ्या तुम्ही," असं म्हणून तो गेला.

हेमराजने कागद उचलला. सही पूर्ण नावाची होती, एकही अक्षर न मोडलेली. खाली तारीख होती, वेळ होती, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतः पूर्ण वाचून.'