लिंपलेल्या कणगीतलं लग्न

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. तलासरीकडच्या वेवजी गावाजवळ, एका पाड्यावर, नवशी आणि पांड्याच्या घरात कोपरा अडवून उभी असते. पाड्यावरच्या शुक्रा नावाच्या कारागिराने बांबूच्या कामट्यांनी मला विणलं आणि पांड्याच्या आईने, बुधीबाईने, शेणमातीने लिंपलं. माझ्या पोटात घरचं भात राहायचं. घरात मला मान होता आणि, खरं सांगते, थोडा ताठाही होता.

बुधीबाईचा एक नेम होता. भात भरून माझं तोंड लिंपलं की ते होळीपर्यंत फोडायचं नाही. म्हणून नवशीने आपल्या पाचशेच्या नोटाही भातातच पुरल्या. नवशी आणि पांड्या कधीचे एकत्र नांदत होते, लेकरंही झाली होती. पण इकडच्या बऱ्याच घरांत चालतं तसं, लग्नाचे विधी पैसे जमल्यावर करायचे होते. डहाणूच्या चिकूवाडीतल्या मजुरीतून ते जमले होते. होळी झाली की लग्न, आणि जेवणावळीचा भातही माझ्यातलाच.

दिवाळी सरली आणि पांड्या तलासरीच्या बाजारातून धापा टाकत आला.

"नवशे, पाचशेची नोट बंद झाली! दुकानदार हात लावत नाय."

नवशीने माझ्याकडे पाहिलं. पांड्या जरा विचार करून म्हणाला, "बंद झाल्या त्या बाजारातल्या. आपल्या तं कणगीत हायेत."

मलाही ते पटलं. माझ्या पोटातलं कोण बंद करणार?

पुढे वाडीच्या मुकादमाने सांगितलं, घरातल्याही बंद, मुदतीत बँकेत भरा. दोघं म्हातारीसमोर मान खाली घालून उभे राहिले. बुधीबाईने स्वतःच कोयता उचलला.

"नेम माझा हाय, मीच मोडते. मला तुमचं लगीन माझ्या डोल्यांनी बघायचंय."

नोटा नवशीच्या खात्यात गेल्या. पण काढायला जावं तर रांग, आणि रांगेच्या शेवटी "आज कॅश नाही." व्यापाऱ्यांकडे रोख नव्हती, म्हणून वाडीत चिकू झाडावरच पिकून गळू लागले आणि मजुरी थांबली. माझं तोंड उघडंच होतं. शेजारची संगीता मीठ-मिरची देऊन भात नेऊ लागली, तिच्यामागून सगळा पाडा आला. तेव्हा मला बँकेपेक्षा मोठं झाल्यासारखं वाटलं. मग माझा तळ दिसू लागला आणि मी घाबरले. बँकेतले पैसेही थोडेथोडे हाती आले आणि तेलात, औषधात गेले.

होळी आली तेव्हा ना पैसे उरले होते, ना जेवणावळीला भात.

"पुढच्या साली करू," बुधीबाई म्हणाली आणि मला पुन्हा लिंपायला बसली. त्या दिवशी तिचा हात माझ्यावरून फार हळू फिरत होता. श्रावणात ती गेली.

लग्न पुढच्या वर्षी झालं. नवशी हळदीच्या अंगाने माझ्याजवळ येऊन रडली.

मित्रांनो, बँकेच्या हिशोबात नवशीचा एक पैसाही बुडाला नाही. उद्या मोठे होऊन लोकांच्या पैशाचं काही ठरवायची वेळ तुमच्यावर आली, तर एवढंच करा. तो पैसा कशासाठी ठेवलाय, आणि त्या दिवसाची वाट कोण पाहतंय, हे आधी विचारा.